गादीतला खड्डा

आर्वीच्या बाजारात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे आणि दुकानातल्या गादीला एक खड्डा आहे. गादी फाटलेली नाही. ज्या ओट्यावर ती अंथरली आहे त्या ओट्यातच हा चौकोनी खड्डा आहे, सिमेंटनं नीट बांधलेला, कडा गोल केलेला, आत पाय सोडून बसता येईल असा. नवीन गिऱ्हाईक तो पाहून विचारतंच, हे काय म्हणून. मी सांगते, ही माझी जागा. सांगताना माझा आवाज जरा चढतो, ते मला ठाऊक आहे. चढू द्या. त्या जागेसाठी मी भांडलेली आहे.

माहेर माझं वर्ध्याचं, नालवाडीचं. वर्ध्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले तेव्हा मी हट्टानं नाव घातलं. क्लासच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. मशीनला शिवलेलं झाकण, मशीनला थंड हवा, आणि आम्हा पोरींना बसायला लोखंडी स्टूल. मशीनची तब्येत सगळे सांभाळायचे. आमच्या पाठीचं कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. मी डीटीपी शिकले, मराठी कीबोर्डवर हात बसवला, आणि लग्न होऊन आर्वीला आले.

सासरी खिळ्यांचा छापखाना होता. अक्षर न् अक्षर हातानं जुळवणारे म्हातारे कंपोझिटर थकून मुलाकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी माणूस मिळेना. तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. "सूनबाईले येते ना. मंग बाहेरचा मानूस कायले पाह्यजे?" एवढंच ते म्हणाले. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या गल्लीत सून दुकानात बसणार ही केवढी तरी बातमी होती. लोकांनी नाकं मुरडली, मामाजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याशी मी पुढे कितीही भांडले असेन, पण हे श्रेय त्यांचंच.

आता मशीन ठेवायचं कुठं? दुकानात शिरलं की मांडीभर उंच ओटा, त्यावर पांढऱ्या खोळीची गादी आणि भिंतीला लोड. पत्रिका ठरवायला माणसं एकटीदुकटी येत नाहीत. वरबाप, त्याचे भाऊ, एखादा जावई, चष्मा विसरून आलेली आत्या, सगळे चपला खाली काढून गादीवर ऐसपैस बसतात, चहा पितात, आणि कुणाचं नाव कुणाच्या वर यावं यावर वाद घालतात. मामाजींचा हिशेब सरळ होता. दुकानात बसायचं ते गादीवर, दिवाळीला लक्ष्मी पुजतो ती गादीवर, तर कॉम्प्युटरही गादीवरच बसेल. त्यांनी जुनं उतरतं डेस्क काढलं, ज्याच्यापुढे मांडी घालून लिहितात ते. उतारावरून मॉनिटर घसरू नये म्हणून खाली लाकडाच्या पाचरी मारल्या. नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाले, "बस."

मी बसले. मांडी घातली, कीबोर्ड मांडीवरच्या उशीवर घेतला, माउस उजवीकडे गादीवर फळीवर ठेवला. डावीकडे गादीवर मजकुराचा कागद. पडदा माझ्या छातीच्याही खाली. कागद वाचायला मान डावीकडे खाली, पडदा बघायला मान समोर खाली, माउस धरायला उजवा खांदा पुढे ओढलेला. मागचा लोड इतका मागे, की त्याला टेकायचं तर हात कीबोर्डपर्यंत पोहोचत नसत. आणि वैशाखात उजव्या बाजूनं कूलरचा गार झोत थेट खांद्यावर. लग्नसराईत सकाळी बसलेली मी दिवेलागणीला उठायची, तेव्हा दोन्ही पाय माझे नसायचेच.

पण काम असं करायचे, की काय सांगू. आमच्या पत्रिकेत कुणाचा काका सुटला नाही, कुणाच्या नावातली वेलांटी चुकली नाही. आष्टी-कारंज्याकडून माणसं मुद्दाम आमच्याकडे येऊ लागली. गादीवर बसलेले म्हातारे कौतुकानं म्हणायचे, "सून कशी मान खाली घालून काम करते, पाह्य." मामाजी मिशीत हसायचे. "दिवसभर मान वर करत नाई," असं सांगायचे. मलाही त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या की तिसऱ्या लग्नसराईत ती मान खरोखरच वर होईना. आधी नुसती ठसठस होती, मग खांद्यातून कळ निघून कोपरापर्यंत यायला लागली. पोळी लाटताना लाटणं हातातून सुटायचं. कंबर तर अशी, की सकाळी पलंगावरून उठताना भिंत धरावी लागे. घरात सगळे उपाय झाले: तीळतेल झालं, विटेचा शेक झाला, मानेखालची उशी काढून झाली. शेवटी आमचे हे मला वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं ठीक आहेत म्हणाले. मग विचारलं, "कॉम्प्युटरवर कशा बसता?" मी सांगू लागले तर त्यांना चित्र डोळ्यासमोर येईना. "बसून दाखवा," म्हणाले. मी त्यांच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसले, पर्स मांडीवर कीबोर्डसारखी ठेवली आणि मान खाली घातली. डॉक्टर खुर्चीतून उठून माझ्याशेजारी उकिडवे बसले, बाजूनं पाहिलं, आणि हसायला लागले. मला राग आला. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी कधी विसरले नाही.

"मांडी घालून बसणं वाईट नाही," ते म्हणाले. "जेवायला बसा, पूजेला बसा. पण तासन्‌तास बसलात की कंबर मागे कलते, पाठीला बाक येतो. त्यात पडदा खाली, म्हणून डोकं पुढे झुकतं. भरलेली बादली अंगाशी धरली तर उचलवते, हात लांब करून धरा बरं! तुमच्या मानेचे स्नायू दिवसभर अशी बादली धरून बसलेत. पाय खाली टेकलेले हवेत, पाठीला आधार हवा, कोपर अंगाशी, पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर. आणि मधून मधून उठायचं. टेबलखुर्ची घ्या."

टेबलखुर्ची घ्या! किती सोपं. पण आमच्या ह्यांनी तेही मनावर घेतलं. त्याच दिवशी वर्ध्यातून चाकांची, फिरणारी खुर्ची घेतली आणि एसटीच्या टपावर बांधून आर्वीला आणली. डेपोत उतरवली तेव्हा पोरं तिच्याभोवती गोळा झाली. दुकानात ओट्यावरच एका बाजूची गादी सारून टेबल मांडलं, त्यापुढे खुर्ची. मी चढून बसले. पाठ टेकली. काय सुख वाटलं त्या घटकेला! पाय मात्र अधांतरी राहिले, कारण ती खुर्ची माझ्यासारख्या बुटक्या बाईसाठी कुणी बनवलेली नव्हती. पायांखाली कागदाच्या रिमांचा गठ्ठा ठेवला आणि कामाला लागले.

दुसऱ्याच दिवशी रोहण्याकडचे एक जुने गिऱ्हाईक आले, मामाजींच्या बरोबरीचे. ते गादीवर बसले, मामाजी त्यांच्याशेजारी, आणि मी त्यांच्यापुढे उंचावर. त्यांच्या नाकासमोर माझे गुडघे. त्यांना पडदा दिसेना, मला त्यांचा कागद दिसेना. दर ओळीला मी खाली वाकायची, ते वर उठायचे. थोडा वेळ त्यांनी सहन केलं आणि मग मामाजींना म्हणाले, "का बाप्पा, सूनबाई सिंहासनावर अन् सासरा पायथ्याशी?" सगळे हसले. मामाजीही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

संध्याकाळी ती खुर्ची घरात गेली. तिच्यावर पुढे वर्षानुवर्षं धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. मामाजी मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी उलट बोलले असते. ते फार मायेनं म्हणाले, "हे काम तुह्या अंगाले झेपून नाई राह्यलं, सूनबाई. एवढं सीझन काढू. मंग क्लासातला एखादा पोट्टा ठेवू अन् तू घर पाह्यजो. दुखनं वाढवू नोको."

त्या मायेनं माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंगाला काम झेपत नाही? काम झेपत होतं. न झेपणारी ती बसायची रीत होती, आणि ती काही मी काढलेली नव्हती. खिळ्यांच्या छापखान्याची पत्रिका मी कॉम्प्युटरवर आणली, तालुक्यात नाव केलं, आणि आता कुणीतरी परका येऊन माझ्या मशीनवर बसणार आणि मी आत फोडणीला. माझं म्हणून जगात एवढं एक काम होतं. ते हातचं जातंय म्हणून मी त्या रात्री रडले, आणि ते दुखण्याचं रडणं नव्हतं.

लग्नाच्या तिथी संपल्या तेव्हा विश्रांतीसाठी मला माहेरी पाठवलं. नालवाडीला आमच्या शेजारच्या काकू खादी विणायच्या. त्यांचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारी बाई जमिनीवर बसते आणि तिचे पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे माग चालवायच्या फळ्यांवर. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, तिच्यात पाहण्यासारखं काय असणार? मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसून गप्पा मारत होते. बोलता बोलता माझ्या मानेत कळ आली आणि मी बोलायची थांबले. मग माझं लक्ष गेलं. मी बसलेय जमिनीवर, काकूही जमिनीवर. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर. पण त्यांची पाठ ताठ, कोपर अंगाशी, पाय खाली टेकलेले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्या मागावर होतं, आणि खुर्ची कुठंच नव्हती.

"काकू, उठा जरा," मी म्हटलं.

"काऊन वं?"

"उठा तं खरं."

मी त्यांच्या जागी बसले, पाय खाली सोडले. कंबर आपोआप सरळ झाली. मी तिथंच मोठ्यानं हसले. काकूंना वाटलं, पोरीचं काहीतरी बिघडलं. आईकडून शिवणाची टेप आणून मी अंगाची मापं घ्यायला बसले: गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत, बैठकीपासून डोळ्यांपर्यंत. विश्रांती तशीच राहिली आणि मी आर्वीच्या गाडीत बसले.

"मामाजी, मले खुर्ची नको," मी आल्या आल्या सांगितलं. "मी गादीवरच बसीन, तुमच्या बरोबरीनं. फक्त पायाले जागा पाह्यजे."

जागा म्हणजे काय ते कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "गादीले खड्डा? लक्ष्मी बसवतो त्या जागेवर पहार मारू?"

"लक्ष्मी बसवतो त्या जागेवरनंच काम करून राह्यली ना मी. अन् पोट्टा ठेवला तं त्याची मान काय लोखंडाची हाय काय? दोन सीझनमंदी तो बी पळून जाईल."

आमचे हे दारात उभे राहून माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होते. मामाजींनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "एवढं एक करून पाह्य. नाई जमलं तं मंग माह्यं आयकजो."

आषाढात तिथी नसतात, दुकान थंड असतं. मिस्त्री आला. ओट्याच्या आत नुसता मुरूम भरलेला निघाला, काम सोपं झालं. मी उभी राहून एकेक माप घ्यायला लावलं. मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाई, विहीर खोदतानी बी एवढं मापत नाई कोनी." खड्डा झाला, सिमेंटची घोटाई झाली, वरून गादी पसरली, खड्ड्यापुरती गादी आणि खोळ कापून शिवली. मी ऐटीत पाय सोडले आणि टाचा टेकेनात. मापं सगळी बरोबर होती. पण ती मी माहेरी उघड्या जमिनीवर घेतली होती, आणि आमची कापसाची गादी केवढी जाड! ती मी धरलीच नव्हती. मामाजी नुसते खोकले. पायांखाली ठेवायला मी छापखान्यातला खिळ्यांचा रिकामा खण उचलला तेव्हा मात्र ते ओरडले, "अक्षराच्या घरावर पाय ठेवतं काय?" ते बरोबर होतं. मी खण कपाळाला लावून परत ठेवला आणि कागद ज्यात यायचा त्या लाकडी खोक्याच्या फळ्या ठोकून पायपाट करून घेतला.

मॉनिटर आता सपाट मेजावर आला, खाली जाड ठोकळा, वरची कड माझ्या डोळ्यांसमोर. मजकुराचा कागद पडद्याशेजारी चिमट्याला टांगला. पाठीमागे लोड आणला आणि तो सरकू नये म्हणून मागे फळी. कूलरचं तोंड फिरवलं. दुखणं काही चुटकीसरशी गेलं नाही, हेही सांगते. डॉक्टरांनी दिलेले मानेचे व्यायाम करत होते, चहा आला की उठून दारापर्यंत जात होते. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं, तिथी सुरू झाल्या, गादी माणसांनी भरली. अन् एक दिवस दिवेलागणीला मी उठले, आत गेले, कणीक मळली, आणि मग लक्षात आलं की आज खांद्याची आठवणच झाली नाही. मी तशीच कणकेच्या हातानं दुकानात जाऊन ह्यांना सांगून आले.

क्लासातल्या पोट्ट्याचा विषय पुन्हा निघाला नाही. गावानं मला "खड्ड्यातली सून" नाव ठेवलं, ते मी आनंदानं घेतलं. रोहण्याचे ते गिऱ्हाईक धाकट्या मुलाच्या लग्नाच्या वेळी आले, गादीवर माझ्याशेजारी बसले, पडद्यावर स्वतःचं नाव बोट लावून वाचलं. सिंहासनाबद्दल काही बोलले नाहीत. पुढे गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पोरंपोरी वाकडीतिकडी बसू लागली. मी कुठंही गेले की त्यांना हटकायची: पाय टेकव, पडदा वर घे, ऊठ थोडं. माझ्या तोंडाला घाबरून दोघीतिघींनी तरी विटा लावून मॉनिटर उंच केले. याचा मला पत्रिकांइतकाच अभिमान आहे.

दोन हजारनंतरच्या वर्षांत मामाजींचे गुडघे गेले. मांडी घालता येईना. दुकानात येऊन ते उभ्या उभ्या टेकायचे आणि परत जायचे. घरात ती फिरणारी खुर्ची होती. ह्यांनी तिच्यावरचा कपड्यांचा ढीग उचलून ती पुढे आणली, तर मामाजी म्हणाले, "गिऱ्हाईक गादीवर अन् मी खुर्चीवर? राहू दे." मग ते येईनासेच झाले. दुकानात आता माह्यं काय काम, असं म्हणत ओसरीवर बसायचे. ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या गादीवर काढलं, तो पंधरा पावलांवर बसून दुकानातली बोलणी कान देऊन ऐकायचा. मला ते बघवत नसे, पण त्यांना सांगायचं कुणी?

एका दुपारी जेवून दुकानात परत आले. ह्यांना बाहेर काम होतं, दुकानात कुणी नसणार असं वाटलं होतं. पाहते तर मामाजी माझ्या जागेवर. पाय खड्ड्यात, पाठ लोडाला, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागली तसे दचकले, उठायला गेले, उठवेना.

"उंदीर तं नाई ना शिरला खड्ड्यात, पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"शिरला काय?"

"नाई दिसला."

मी शेजारी मांडी घालून बसले. ते गादीवरून हात फिरवत म्हणाले, "मिस्त्रीले बोलावजो. इथं बाजूलेच. माह्याबी पायाचं माप घेऊन ठेव."

मी टेप आणली. आजवर त्यांच्या पायांशी वाकले होते ती सणावाराला, नमस्कारासाठी. आता गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली, आणि या वेळी गादीची जाडीही धरली. अंधुक दिसत होतं म्हणून मी मान पार खाली घालून आकडा वाचत होते. वरून मामाजींचा आवाज आला.

"मान वर घे, सूनबाई. दुखंल."